शेवंती आणि कोपरगावची माती

बाई, तुम्ही गेलात त्या सकाळी तुमच्या शेवंतीला चार हजार फुलं होती.

कळलं, कळलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून तुम्ही म्हणालात, "सखाराम, निम्मं कर." केलं. दोन हजार. "अजून निम्मं कर." हजार. याच्या खाली मी राजीखुशीनं येणार नाही. मोजायला मी एकटाच होतो, आणि माझे डोळे त्या दिवशी मोजदादीच्या कामाचे नव्हते. चारशे म्हणा, पाचशे म्हणा. वाफा पांढराशुभ्र दिसत होता, एवढं मात्र कुणालाही विचारा.

तुम्ही सोनईजवळच्या आमच्या या गावात मिशनच्या शाळेवर आलात, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि एका बैठकीला सात भाकरी खात होतो. (साडेतीन.) चौथीनंतर बापानं शाळेतून काढून गाडीवर बसवलं, म्हणून गाडीवान झालो, नाहीतर तुमच्या हाताखाली राहून आज मामलेदार असतो. पुढं पन्नास वर्षं तुमच्या कुंपणाला कुंपण लावून राहिलो, पण तुमच्या लेखी मी शेवटपर्यंत चौथीतलाच. म्हणून तर हे लिहिताना जीभ आपल्या वळणावर जाते आणि हात तुमच्या धाकानं शुद्ध चालतो. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर तेवढं पोटात घाला. आता छडी घेऊन यायचं म्हणजे तुम्हाला फार लांबून यावं लागेल.

मला त्या शेवंतीबद्दलच बोलायचं आहे. तुमच्या गुणांची यादी तुमच्या देवळात पाळकसाहेबांनी वाचली, ती मी बाहेर कट्ट्यावर बसून ऐकली. सगळी खरी होती, पण तीत शेवंती नव्हती. माझ्या मते त्यामुळं ती यादी मुळाशिवायच्या रोपासारखी झाली.

दुधासारखी पांढरी शेवंती, आणि पाकळीच्या पाठीला पुसट जांभळी झाक. तसली दुसरी मी अख्ख्या नगर जिल्ह्यात बघितली नाही, आणि जिल्हा मी बैलांच्या शेपटाआडून इंच इंच बघितला आहे. एका वर्षी तुम्ही तापानं पडलात आणि तिच्या गड्ड्यांची फोड करायची राहिली. त्या वर्षी तिनं मोरी गिळली, धुण्याचा दगड गिळला, आणि कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत गेली. तुमची तांबडी कोंबडी तिच्यात शिरली ती तीन आठवड्यांनी नऊ पिल्लं घेऊन बाहेर आली. हे तुम्ही स्वतः बघितलंय, तेव्हा इथं चष्मा जागेवर ठेवा. आणि एवढं रान माजूनही त्या नाताळाला फुलं किती आली? ओंजळभर. तीही बटणाएवढी. मी म्हणालो होतो, "बाई, हिला दृष्ट लागली." तुम्ही म्हणालात, "दृष्ट नाही, गर्दी. माणसं जास्त झाली की घरात कुणीच धड जेवत नाही."

फुलं ओसरली की तुम्ही चार बोटं ठेवून सगळी झाडं छाटायचात. बुडाशी कोवळे फुटवे यायचे. ते वीतभर झाले की, होळीच्या आधी, तुम्ही पदर खोचून वाफ्यात बसायचात आणि खुरप्यानं अख्खा गड्डा उपटून काढायचात. माती झटकायची, मग दोन्ही अंगठे घालून फोड करायची. कडेचे फुटवे, प्रत्येकाला चार तरी मुळ्या हव्यात, ते एका बाजूला. आणि मधलं जुनं, लाकूड झालेलं बूड फेकून द्यायचं.

या मधल्या बुडावरून आपलं भांडण तीस वर्षं चाललं. मी म्हणायचो, "ज्या आईनं एवढी पिल्लावळ वाढवली, तिलाच उकिरड्यावर टाकताय? हा कुठला न्याय?" तुम्ही म्हणायचात, "तिचं काम झालं. तिला जागेवर ठेवलं तर ती पोरांचं खाते." एका वर्षी तुमची खोड मोडायची म्हणून मी ते बूड उचलून नेलं, माझ्या दारात लावलं, शेणखत घातलं, बैलांच्या आधी त्याला पाणी दिलं. त्याला नव्वद फुलं आली असं मी गावभर सांगितलं. तुम्ही कुंपणावरून बघून गेलात. दोन आली होती, बाई. एक किडकं होतं.

तुमचा एक रिवाज होता, तो मी दुसऱ्या कुणाकडं बघितला नाही. फुटवा फुकट द्यायचा नाही, आणि त्याचे पैसे तर मुळीच घ्यायचे नाहीत. घेणाऱ्यानं आपल्या दारातली मूठभर माती द्यायची, आणि जिथून फुटवा काढला त्या खड्ड्यात ती घालायची. तुमच्या आईनं तुम्हाला हे शिकवलं होतं, तुम्ही संगमनेरहून आलात तेव्हा पदराला प्रवरेची वाळू बांधून आणली होती म्हणे. "खड्डा उघडा ठेवून कुणी जायचं नाही," एवढंच तुम्ही सांगायचात. तुमच्या हाताखाली शिकून सासरी गेलेल्या मुली, बदली झालेल्या मास्तरणी, पारनेरपासून संगमनेरपर्यंत पसरल्या होत्या. ओल्या गोणपाटात फुटवे गुंडाळून त्यांच्या दारात पोचवायचे आणि परत येताना माती आणायची, हे काम माझं. तुमचा वाफा म्हणजे जिल्ह्याचा नकाशा झाला होता. पारनेरचा तांबडा मुरूम, राहुरीची काळी, प्रवरेची वाळू. एकदा पारनेरहून येताना माती विसरलो आणि वाटेत ओढ्यातली मूठ भरली. तुम्ही ती दोन बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"सखाराम, पारनेरला एवढी काळी माती कुणी नेऊन टाकली?"

"सरकारनं, बाई. लढाई चाललीय न्हवं."

तुम्ही हसला नाहीत. हसू दाबताना तुमची हनुवटी हलते हे मला पहिलीपासून माहीत आहे. त्याच दिवशी मी शहाणं व्हायला हवं होतं. तुमच्या बोटांना मातीचं गाव कळतं हे मला तेव्हाच कळलं होतं. मग पुढं मी ते केलं, ते का केलं?

करुणेचं लग्न झालं ते सहा वर्षांमागं. तुमची एकुलती लेक, उशिरा झालेली. तिचे वडील ती पाळण्यात असतानाच गेलेले. कोपरगावकडं साखर कारखान्यात अंतोन नावाचा फिटर होता, त्याच्याशी तिनं ठरवलं. मुलगा सोन्यासारखा. पण तो रोमी, म्हणजे कॅथलिक देवळाचा आणि तुम्ही मिशनच्या देवळाच्या, आणि तुम्ही सांगून टाकलंत की त्या देवळात पाय ठेवणार नाही. मला काही उमजेना.

"बाई, येशू त्योच, क्रूस त्योच, नाताळ एकाच दिशी. मंग आडलंय कुठं?"

"तुला नाही कळायचं."

"कळायचं न्हाई म्हनून तर इचारतोय."

तुम्ही घरात निघून गेलात. आमच्याकडं सख्खे भाऊ हातभर बांधावरून डोकी फोडतात, तसलं काही असावं, अशी मी माझी समजूत घातली. लग्नाला गेलो तो गावातून मी आणि माझी बायको पारू, दोघंच. करुणा सारखी फाटकाकडं बघत होती. हे मी तुम्हाला त्या वेळी सांगितलं नाही.

त्यानंतर तुमच्या घरात करुणेचं नाव निघायचं बंद झालं. देवळातल्या बायका काढायच्या नाहीत, तुम्ही तर नाहीच. पण होळीच्या आधी फोड झाली तेव्हा तुम्ही एक गाठोडं बाजूला ठेवलंत, पाच फुटव्यांचं, सगळ्यांत जाड मुळ्यांचं. भिंतीकडं बघत म्हणालात, "हे कोपरगावला."

गूळ घेऊन जाणारच होतो. चाळीत करुणेचं दार शोधलं.

"कुणी पाठवलं?" ती म्हणाली.

"आईनं. आनखी कोन पाठवतंय."

"चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी न्हाई. शेवंती हाय."

"लग्नाला चार पावलं टाकवली नाहीत तिला. आणि आता झाडपाला पाठवते होय? परत न्या, मामा."

"आगं, मुळ्या सुकत्याल."

"सुकू देत."

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगितलं असतं, तुमचं वेगळं. मी गोदावरीच्या काठी बैल सोडून अर्धा दिवस बसलो. पाच फुटव्यांना नदीचं पाणी पाजलं. फेकून द्यायला हात होईना. ते मी गावी आणले आणि माझ्या बांधावर, मोटेच्या पाटाच्या कडेला लावून टाकले. आणि तिथलीच मूठभर माती फडक्यात बांधून तुमच्या ओसरीवर आलो.

काय सांगितलं नाही मी त्या दिवशी! करुणा दारातच रडली. इतकी रडली की नळाला पाणी आलं समजून चाळीतल्या बायका घागरी घेऊन धावल्या. जावयानं मला खुर्ची दिली. कारखान्याची साखर दिली, पोतंभर.

"रेशनच्या दिवसांत पोतंभर साखर?" तुम्ही विचारलंत. "कुठंय पोतं?"

"वाटंत बैलांनी खाल्लं, बाई."

तुम्ही माती हातावर घेतलीत. चोळलीत. तीतून चुनखडीचा एक पांढरा खडा निघाला, तो अलगद पायरीवर ठेवलात. मग म्हणालात, "कोपरगावची माती चांगली आहे." खड्ड्यात ती घातलीत, हातानं दाबलीत, आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "आणखी काय म्हणाली करुणा?"

बाई, त्या एका प्रश्नानं मी वाया गेलो.

दुसऱ्या वर्षीही तिनं गाठोडं परत केलं. दाराआडूनच. मी दुसरी गोष्ट सांगितली. आणि तिसऱ्या वर्षी मी तिच्या दाराशी गेलोच नाही. कोपरगावला गेलो, गूळ उतरवला, कारखान्याच्या फाटकावरून गाडी तशीच पुढं हाणली. मनात म्हटलं, नकार ऐकायला कशाला जायचं? घरी येऊन फुटवे बांधावर लावले आणि माती उचलली. खरं सांगायचं तर तोवर मला माझीच गोष्ट जास्त आवडायला लागली होती. माझ्या गोष्टीतली करुणा हसरी होती, तिनं दारात कडुनिंब लावला होता, बिजली नावाची शेळी पाळली होती. ती शेळी लोणी घातलेल्या भाकरीशिवाय दुसरं काही खात नव्हती. तुम्ही दरसाल बिजलीची चौकशी करायचात. चौथ्या वर्षी तिला जुळी करडं झाली.

पारूनं माझा बांध बघून कपाळाला हात लावला. "बाईंच्या लेकीचं सासर आपल्याच बांधावर झालंय की वो! आता जावयाला बी हितंच बसवा खुर्ची टाकून." शेवंती अशी काही माजली की मोटेचं पाणी ज्वारीपर्यंत पोचेना. लोकांना मी सांगायचो, हे बियाणं विलायतेहून आलंय. सहा वर्षं चाललं हे. चौघांना तरी कळलं असणार. पण तुमच्या कानावर घालायची छाती कुणाला झाली नाही, असं मी समजत होतो.

यंदाच्या मार्गशीर्षात तुम्ही अंथरूण धरलंत. मी पायथ्याशी बसून कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या मोटारीला माझ्या बैलांनी चढावर कसं मागं टाकलं ते सांगत होतो. ही गोष्ट तुम्ही चाळीस वेळा ऐकली होती. तुम्ही मधेच हात वर केलात.

"सखाराम, माती."

"कसली माती, बाई?"

"सहा वर्षं तुझ्या बांधाची माती घातली मी वाफ्यात. चुनखडीनं भरलाय वाफा. आता एकदा कोपरगावची आण."

मी पहिलीतल्या पोरासारखा जमिनीकडं बघत बसलो. शेवटी एवढंच बोलवलं, "तुमाला ठावं हुतं?"

"पन्नास वर्षं या गावात राहिले. तुझा बांध मला ओळखू येणार नाही?"

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर तू यायचा थांबला असतास. वर्षातनं एकदा या घरात माझ्या मुलीचं नाव निघायचं. तू खोटं सांगायला आलास की निघायचं. मी कशाला थांबवू?"

बाई, माझ्या बढायांना आजवर लोक हसले, शिव्या दिल्या, एकदा बेलापूरच्या बाजारात कुणी जोडाही फेकला. पण त्यांची कुणी वाट बघत असेल असं मला स्वप्नातही आलं नव्हतं. हे ऋण मी कशानं फेडू? तुम्ही मला एका वाक्यात खोटारड्याचा माणूस केलंत.

मग मी जे केलं ते गावात कुणाला खरं वाटत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो. मी आगगाडीत बसलो. सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे की आगगाडी म्हणजे माझी सवत. तिनं माझी अर्धी भाडी खाल्ली. तिला माझ्या बैलांनी राहुरीच्या वळणावर कसं हरवलं हेही सगळ्यांना पाठ आहे. पण तुमच्या श्वासाचा आवाज ऐकला आणि कळलं, की बैल काही वेळेत कोपरगावला पोचवत नाहीत. राहुरी स्टेशनला गाडी सोडली, बैल ओळखीच्या माणसाकडं बांधले आणि त्यांच्याकडं पाठ करून डब्यात चढलो. त्यांनी बघू नये म्हणून.

करुणेनं दार उघडलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"मामा? इतक्या वर्षांनी?"

सांगण्यासारख्या हजार गोष्टी वाटेत जुळवल्या होत्या. तोंडातून एकच आली. "आईनं तुज्या दारातली माती मागितलीय."

त्या मातीचा अर्थ तिला ठाऊक नसेल तर कुणाला? लहानपणी तीच तर ती खड्ड्यात दाबायची. ती आत जाऊन लुगडं बदलायला लागली. अंतोन पाळीवरून आला तो हाताला तेल, कपाळाला काजळी. त्यानं मला बघितलं, तिला बघितलं, आणि सरळ खुरपं मागितलं. नळाजवळची माती खणून त्यानं आपल्या जेवणाच्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाला, "मीपण येतो. हाकलून दिलं तर फाटकाबाहेर बसेन."

आणि आता ते, जे तुम्हाला ठाऊक नाही. यासाठीच तर दौत काढून बसलो, आणि इथवर येईतो चार पानं इकडच्यातिकडच्या गोष्टीत घालवली.

आगगाडीत करुणा माझ्यासमोर बसली होती, डबा मांडीवर. पुणतांब्यापर्यंत मी तिला बिजलीची, तिच्या लोण्याच्या भाकरीची सगळी गोष्ट सांगून टाकली. पुणतांबं गेल्यावर ती म्हणाली, "मामा, तिसऱ्या वर्षी मी खड्डा करून ठेवला होता. नळाजवळ. आता ह्यांनी माती काढली ना, तोच. होळीपर्यंत रोज पाणी मारून ठेवलं. ह्यांनी तुमची गाडी फाटकावरून जाताना बघितली. मी भाजी टाकून दारात उभी राहिले. तुम्ही आला नाहीत." मग म्हणाली, "मला वाटलं, आईनंच पाठवायचं थांबवलं."

बाई, मी गप्प झालो. राहुरी येईपर्यंत मी गप्प होतो. डब्यातल्या लोकांना काय कळणार, पण पारूला सांगितलं तर तीसुद्धा म्हणेल, निम्मं करा.

तिसरं वर्ष, चौथं, पाचवं, सहावं. पहिल्या दोन वर्षांचा दोष तुम्हा मायलेकींनी आपसात वाटून घ्यावा. पुढची चार माझी आहेत. ती दाराशी उभी होती, तुम्ही ओसरीवर बसून होतात, आणि मधे मी. माझ्या बांधावर शेवंती फुलवत, बिजलीला करडं आणत. उतरताना मी तिला विचारलं, "बाईंना सांगशील?"

"आधी आई भेटू दे," ती म्हणाली.

पुढचं तुम्ही बघितलंय. पण मला ते पुन्हा सांगायचंच आहे, कारण माझ्या उभ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट अशी, की जिला मीठमसाला लावायला जागा नाही. तुम्ही म्हणालात, खाट बाहेर न्या. एका बाजूनं मी, एका बाजूनं अंतोन, खाट उचलून वाफ्याशी ठेवली. ऊन कोवळं होतं. करुणा तुमच्या पायांशी बसली, आणि सहा वर्षं बोलायचं साठलेल्या त्या दोघींना एक शब्द सुचेना. शेवटी तुम्हीच म्हणालात,

"बिजली कशी आहे गं?"

करुणेनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं. पोर तुमचीच, लगेच म्हणाली, "बरी आहे, आई. पण हल्ली लोणी महाग झालंय."

तुमची हनुवटी हलली. मग खांदे हलले. मग तुम्ही हसलात, बाई, पन्नास वर्षांत पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसलात, आणि हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता तुम्ही तिचा हात धरलात तो सोडला नाहीत.

माती घालायची वेळ आली तेव्हा तुम्ही अंतोनकडं बोट केलंत. "त्याच्या हातानं." त्यानं फुललेल्या दोन झाडांच्या मधे खड्डा केला, डबा ओतला. आणि सवयीनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावून त्यांच्या रीतीनं क्रूस केला. आम्ही सगळे तुमच्याकडं बघायला लागलो. तुम्ही त्या वेळी मोठ्या लक्षपूर्वक मोरीवरच्या पालीकडं बघत होतात. बाई, मी मोठमोठ्या माघारी ऐकल्या आहेत; एवढी मोठी माघार मी बघितलेली नाही.

तुम्ही तीन दिवस काढलेत. तीन म्हणजे तीनच. करुणेनं तुम्हाला तिसऱ्या वर्षाचं सांगितलं नाही. मी दर दिवशी सांगायला यायचो, आणि तुम्ही दर दिवशी तिच्याशी बोलत असायचात, कधी तिच्या लहानपणाचं, कधी आमटीत गूळ किती घालावा याचं. त्यात माझं पाप कुठं आणून टाकू? राहून गेलं. आज सांगतोय. पन्नास वर्षं तुमच्याशी खोटं बोललो, पण हे एक न बोलणं त्या सगळ्यापेक्षा जड होतं.

दफनाला तुमच्या देवळाची माणसं, अंतोन आणि आम्ही गावकरी, सगळे एकत्र उभे होते. तुमच्या रीतीप्रमाणं प्रत्येकानं पुढं होऊन मूठभर माती टाकली. शेजारी खणलेल्या ढिगातली घ्यायची असते. मी धोतराच्या सोग्यात घरून बांधून आणली होती. टाकताना मोठ्यानं म्हणालो, "ही माझ्या बांधाची हाय, बाई." पाळकसाहेबांनी वळून बघितलं. पारूनं माझी बाही ओढली. करुणा मात्र रडता रडता हसली, आणि तिनं ओंजळीतली शेवंती त्या मातीवर ठेवली.

नाताळ करून ती कोपरगावला परत गेली. जाताना टांग्यात बसल्यावर मला म्हणाली, "मामा, दोन वर्षं मी चुकले, चार वर्षं तुम्ही. आईनं तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं. मी थोडा वेळ घेणार आहे." मी मान हलवली. "होळीच्या आधी या," ती म्हणाली. "दारात यायचं. कडी वाजवायची. फाटकावरून गाडी गेलेली मला चालणार नाही." टांगा निघाल्यावर वळून ओरडली, "आणि शेळीचं बघा काहीतरी! चाळीत जाऊन सगळ्यांना सांगणार आहे मी!"

तेव्हा बाई, मी एक शेळी घेतली आहे. काळी, कपाळावर पांढरा ठिपका. लोणी खात नाही, पण शिकवतोय.

काल तुमच्या वाफ्यात बसलो. गुडघे कुरकुरले, पारू म्हणाली, "जपून, मुळ्या तुटत्याल," मी म्हटलं, "पन्नास वर्षं बघतोय, मला नको शिकवूस," आणि पहिल्याच गड्ड्याच्या मुळ्या तोडल्या. दुसरा नीट निघाला. मातीचे थर दिसत होते: खाली मुरूम, मग वाळू, मग माझी चुनखडीची सहा वर्षं, आणि सगळ्यांत वर एक काळाभोर, चिकण पट्टा. मुळ्या त्यात शिरल्या होत्या. दोन महिन्यांत, बाई! झाडं माणसांसारखी अडून बसत नाहीत.

मधलं जुनं बूड मी टाकलेलं नाही. आपला वाद मिटलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी हार मानेन असं समजू नका. ते कुठं लावलंय ते तुम्हाला तुमच्या उशाशी दिसेल. दोन फुलं आली तर मी गावात वीस सांगणार आहे, आणि तुम्हाला खाली पडून ते ऐकून घ्यावं लागणार आहे.

कोपरगावचं गाठोडं ओल्या गोणपाटात बांधून ओसरीवर ठेवलंय. उद्या सकाळी बैल जुंपतो. शेळी मागं बांधणार, म्हणजे गाडी हळूच न्यावी लागेल. कडी वाजवणार आहे. तिनं दार उघडलं तर रोपं देईन, नाही उघडलं तर पायरीवर बसून राहीन, आणि येताना तिच्या हातची माती घेऊन येईन. तुमच्या वाफ्यात उघडे खड्डे वाट बघतायत.

एकंदर फुटवे निघाले एकवीस. सगळ्यांना चार चार मुळ्या आहेत. निम्मे करू नका, बाई. मी दोनदा मोजलेत.